उभट ठिपक्यांचं पुस्तक

वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकात मी एका पुस्तकाबद्दल लिहिलं होतं. इथे जर्मनीत कोलोनमध्ये आम्ही पाच जण गेली तीन वर्षं डेमोसीनचा, म्हणजे संगणकावर ‘डेमो’ नावाच्या हलत्या-वाजत्या कलाकृती करणाऱ्यांच्या जगाचा, छापील इतिहास इंग्रजीत तयार करतो आहोत. मजकूर बाकी चौघांचा, मांडणी आणि छपाई माझ्याकडे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मी हे काम शिकले. इथे येऊन चौदा वर्षं झाली. स्वतः एकही डेमो लिहिलेला नाही, तरी या कामात जीव गुंतला आहे. लेखावर एकोणीस पत्रं आली. काहींना परस्पर कळवलं. ज्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना उपयोगी पडतील ते इथे घेते.

*

«लेख दोनदा वाचला. ही मुलं रात्र-रात्र जागून करतात ते नक्की काय, हे मात्र हाती लागलं नाही. सिनेमा म्हणावा, खेळ म्हणावा की सॉफ्टवेअर?»
— निवृत्त शिक्षिका, वाई

बाई, हे लेखाच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं. डेमो हा एक प्रोग्रॅम असतो. तो चालवला की पडद्यावर चित्रं हलू लागतात, सोबत संगीत वाजतं, आणि पाच-सात मिनिटांत सगळं संपतं. त्याचा दुसरा काही उपयोग नसतो. सिनेमात आधी काढून ठेवलेली चित्रं पुढे सरकतात. डेमोत मात्र प्रत्येक चित्र त्या क्षणी, तुमच्यासमोर, गणित करून काढलं जातं. तबकडी लावणं आणि बैठकीत समोर बसून गाणं ऐकणं यात जो फरक, तो इथे आहे. गाणारं असतं ते यंत्र. त्याच्या गळ्यातून कधी न निघालेला सूर काढायचा, ही सगळी धडपड.

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली आला. मेमरी ६४ किलोबाइट, ठरलेले सोळा रंग, आणि एका वेळी तीन स्वर काढणारी सिड नावाची चिप. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि वापरायचा. युरोपातल्या शाळकरी पोरांनी त्यावरच्या गेम्सची नक्कल होऊ नये म्हणून घातलेली कुलपं फोडली आणि फोडलेल्या गेमच्या आधी स्वतःची सही टाकायला सुरुवात केली : गटाचं नाव, पडद्यावरून सरकत जाणारी अक्षरं, एखादी धून. या सहीतच चढाओढ लागली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गेम बाजूला राहिला आणि नुसत्या सह्याच स्वतंत्रपणे निघू लागल्या. ते डेमो. आधी फ्लॉप्यांची नक्कल करायला भरणारे मेळावे पुढे डेमो दाखवायचे मेळावे झाले, आणि तिथे स्पर्धा सुरू झाल्या. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याने पुरुषोत्तम करंडक केला असेल तर त्याला हे लगेच समजेल. आदल्या रात्रीपर्यंत चाललेली दुरुस्ती, अंधारात बसलेली आपल्याच वयाची पोरं, आणि आपलं नाव पडद्यावर आल्यावर उठणारा आवाज.

काही स्पर्धांत फाइलच्या आकाराला मर्यादा असते : ६४ किलोबाइट, ४ किलोबाइट, कधी फक्त २५६ बाइट. लिनुस ओकेसन या स्वीडिश संगीतकार-प्रोग्रॅमरचा ‘अ माइंड इज बॉर्न’ हा कमोडोर ६४ वरचा डेमो २०१७ साली जर्मनीतल्या झारब्र्युकेनच्या ‘रिव्हिजन’ मेळाव्यात आला. दोन मिनिटांहून अधिक चित्र आणि संगीत, सगळं २५६ बाइटमध्ये. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे २५६ बाइटमध्ये मराठीची जेमतेम पंच्याऐंशी चिन्हं मावतात. तुमचा प्रश्नसुद्धा त्यात बसणार नाही.

*

«चाळीस वर्षं छापखाना चालवला, खिळ्यांपासून ऑफसेटपर्यंत. मला दोन गोष्टी सांगा. हलणारी, वाजणारी वस्तू कागदावर कशाला? आणि पडद्यावरचा उजेड तुम्ही शाईत आणता कसा?»
— एक मुद्रक, सांगली

काका, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तीन वर्षं मी त्यातच आहे.

पहिली अडचण ठिपक्याच्या आकाराची. नव्वदच्या दशकातल्या पीसीवरचे बहुतेक डेमो आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके अशा पडद्यावर चालायचे. हा पडदा मॉनिटरवर चारास तीन या प्रमाणात ताणला जायचा. हिशेब केलात तर दिसेल की ठिपका चौकोनी राहत नाही; रुंदी एक धरली तर उंची एक पूर्णांक दोन दशांश. उभट ठिपका. आजच्या संगणकावर ती फाइल उघडून तशीच पानावर टाकली की चित्र दाबल्यासारखं होतं, गोल चेंडूचं आडवं अंडं होतं. छापून आलेल्या कितीतरी लेखांत ही अंडी मी पाहिली आहेत. ज्याने रात्री जागून तो गोल गोल काढला, त्याला ते पान बघून काय वाटत असेल?

आम्ही आडवा ठिपका पाचपट आणि उभा सहापट वाढवतो. चित्र १६०० बाय १२०० होतं, चारास तीनच्या मापात चोख बसतं, आणि कुठेही अर्धामुर्धा ठिपका तयार होत नाही. इंचाला ३०० या हिशेबाने ते साडेतेरा सेंटिमीटर रुंद येतं. मग मी मजकुराची रुंदीही साडेतेरा सेंटिमीटर ठेवली. नेहमी आपण आधी ओळीची लांबी ठरवतो आणि चित्रं त्यात बसवतो. इथे चित्राने पान ठरवलं. शिवाय प्रत्येक यंत्राचं माप वेगळं. अमिगा या दुसऱ्या एका घरगुती संगणकाचं युरोपातलं ३२० बाय २५६ चित्र जवळपास चौकोनी ठिपक्यांचं, कमोडोर ६४ चा ठिपका किंचित उभट. प्रत्येक यंत्राचा तक्ता करून भिंतीवर लावला आहे.

इतकं करून पहिलं प्रूफ आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सगळ्या कडा धुरकट. भिंग लावून पाहिलं तर काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या मध्ये राखाडीची बारीक कड. छापखान्याच्या प्लेट काढायच्या यंत्रणेने चित्रं ‘सुधारून’ गुळगुळीत केली होती आणि वर आकार कमी करण्यासाठी दाबलीही होती. फोटोसाठी ती सोय चांगली, आमच्यासाठी घात. तिथला माणूस मनाने चांगला. त्याला वाटलं, चित्रं खराब आली आहेत, मदत करावी. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून मी एक एक खूण काढून टाकली आणि तेच पान पुन्हा काढलं. तुम्हाला सांगते, छापलेल्या एका ठिपक्याची रुंदी अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे, तेवढ्यात इंचाला १७५ रेघांच्या छपाईच्या जाळीचे जेमतेम तीन दाणे बसतात. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी ठिपक्याला रंगीत सावली पडते. त्यामुळे मशीन सुरू होताना मी तिथे उभी असणार, हे करारातच लिहून घेतलं आहे.

रंगांचं म्हणाल, तर हिरवा आणि निळा-जांभळा या दोघांनी रडवलं. पडद्याचा रंग उजेडातून येतो, शाई उजेड खाते. चार रंगांतून तो निळा काढला की मळतो. कमोडोर ६४ च्या दोन फॉर्मना म्हणून आम्ही पाचवा, स्पेशल निळा लावतो आहोत. खर्च वाढला, पण त्या संगणकाचा सुरू होतानाचा निळा पडदा पाहून माणसं आजही हळवी होतात. तो चुकवून चालणार नव्हतं. आणि काळा! डेमोचं निम्मं पान काळंच असतं. नुसता काळा राखाडी दिसतो, म्हणून खाली निळ्याचा चाळीस टक्के हात दिला आहे. त्याहून जास्त दिला की ओल्या पानाची शाई पुढच्या पानाच्या पाठीला लागते, ते तुम्हाला मी काय सांगणार.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका थरथरणाऱ्या चित्राने. कमोडोर ६४ वर सोळाच रंग. काही चित्रकारांनी त्यावर युक्ती काढली. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात एक चित्र दाखवायचं, पुढच्या पन्नासाव्या भागात दुसरं, मग परत पहिलं. डोळा दोन्ही मिसळतो आणि त्या सोळांत नसलेले रंग दिसू लागतात. अशा एका चित्राचं पान मी तयार करून मूळ चित्रकाराला पाठवलं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं : पान सुंदर आहे, पण हे माझं अर्धंच चित्र आहे. मी पडदा टिपला होता तेव्हा दोनांतलं एकच हाती आलं होतं. त्याने मला घरी बोलावलं, माळ्यावरचा जुना टीव्ही खाली काढला, संगणक जोडला आणि काही न बोलता बाजूला सरकून बसला. पडद्यावर एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा होता, गालावर गुलाबीसर उजेड. माझ्या पानावर तो गाल तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचा झाला होता. आता आम्ही लागोपाठची दोन्ही चित्रं टिपून मिसळतो. तेही नुसती आकड्यांची सरासरी काढून चालत नाही, रंग काळवंडतो. उजेडाच्या मापात मिसळावं लागतं. नवं पान पाठवल्यावर त्याने फक्त ‘होय’ लिहून पाठवलं. ते मी जपून ठेवलं आहे.

आता पहिला प्रश्न, कागदावर कशाला. डेमो जपायला कागद लागत नाही. फाइली इंटरनेटवरच्या संग्रहांत आहेत, जुनी यंत्रं नसली तरी त्यांची नक्कल करणारे प्रोग्रॅम आहेत. फाइलीत नसतं ते आजूबाजूचं. ही युक्ती कोणाला कशी सुचली, कोणी कोणाकडून उचलली, दोन गट का भांडले, एकाच गावातली तीन पोरं एकाच गटात कशी आली. ते माणसांच्या डोक्यात आहे आणि ही माणसं आता पन्नाशी ओलांडताहेत. ते ऐकून, तपासून, एका क्रमाने लावून, शिलाई बांधणीत घालून ठेवलं तर ते विजेशिवाय वाचता येतं. तुमच्या छापखान्यातली पुस्तकं आज कोणाकोणाच्या घरी असतील, ते आठवून बघा.

*

«स्पष्ट विचारतो. सुरुवात गेम चोरण्यातून झाली ना? मग तिचा गौरवग्रंथ का?»
— वकील, नागपूर

हो, सुरुवात तिथूनच झाली आणि पुस्तकात ती तशीच लिहिली आहे. पहिलं प्रकरण त्याचंच आहे. करणारी मुलं बहुतेक चौदा ते अठरा वर्षांची होती. कायद्याच्या नजरेत ती नक्कल होती, याबद्दल आम्ही कुठेही मखलाशी केलेली नाही. पुढे डेमो करणाऱ्यांनी गेम फोडणं सोडलं आणि नव्वदीत मोठे मेळावे उजळ माथ्याने सभागृहांत भरू लागले. फिनलंडचा ‘असेंब्ली’ मेळावा १९९२ पासून आजतागायत चालू आहे. त्या देशातल्या ‘फ्यूचर क्रू’ या गटातल्या मंडळींनी १९९५ मध्ये ‘रेमेडी’ ही गेम कंपनी उभारली. म्हणजे कुलपं फोडणाऱ्या पिढीच्या पाठोपाठची पोरं स्वतः गेम बनवू आणि विकू लागली.

तुमच्या व्यवसायाशी जवळचं एक सांगते. डेमो फुकट वाटले जातात, याचा अर्थ त्यांवरचा हक्क कोणी सोडला असा होत नाही. पुस्तकातल्या प्रत्येक चित्राला कर्त्याची लेखी परवानगी घेतली आहे. जिथे कर्ता सापडला नाही तिथे चित्र नाही, फक्त वर्णन आहे. असं सव्वीस ठिकाणी झालं आहे.

*

«सगळी टोपणनावं! इतिहास लिहिताना खरी नावं नकोत?»
— फोंडा, गोवा

आपल्याला याचं इतकं नवल वाटू नये. शिरवाडकरांची कविता आपण कुसुमाग्रज म्हणूनच वाचतो, आणि ग्रेस यांचं माणिक गोडघाटे हे नाव किती वाचकांच्या तोंडी असतं? डेमोसीनमध्येही माणूस त्याच्या टोपणनावाने ओळखला जातो. ते आधी लपण्यासाठी घेतलं असेल. पुढे तेच त्याचं कामावरचं नाव झालं. आम्ही सूची टोपणनावांची केली आहे. ज्यांची खरी नावं त्यांनी स्वतःच जाहीर केली आहेत, जसं ‘पर्पल मोशन’ म्हणजे संगीतकार योन्ने वाल्टोनेन, तिथे दोन्ही दिली आहेत. बाकीच्यांना विचारलं. काहींनी चक्क नको म्हटलं. एक जण आज शाळेत मुख्याध्यापक आहेत, त्यांना नको होतं, दिलं नाही. इतिहासाचं त्यात काही बिघडत नाही, काम ज्या नावाने झालं ते नाव पानावर आहे.

त्रास होतो तो लेखनाचा. एकाच टोपणनावाची दोन माणसं, मधलं अक्षर मुद्दाम मोठं, इंग्रजी ओ च्या जागी शून्य. मुद्रितशोधकाने पहिल्या फेरीत ‘दुरुस्त’ केलेली नावं मला दुसऱ्या फेरीत सगळी परत बिघडवावी लागली.

*

«मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या या गोष्टींची साधनं कोणती? मुलाखतींवर किती भिस्त ठेवता?»
— छत्रपती संभाजीनगर

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मुलाखतींशिवाय पान हलत नाही, आणि नुसत्या मुलाखतींवर एकही साल लिहिता येत नाही. माणसांना चित्रं लख्ख आठवतात, सालं आठवत नाहीत. मेळाव्यात पाऊस होता, जमिनीवर झोपलो, अमक्याची फ्लॉपी ऐन वेळी खराब निघाली, हे सगळं पक्कं. पण ते ८८ की ८९, तिथे अडतं.

फाइलीवरची तारीख पाहावी, तर तिच्यावरही विश्वास नाही. अमिगा ५०० या त्या काळच्या लाडक्या संगणकात मुळात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसायचं. यंत्र बंद केलं की तारीख गेली. ही यंत्रणा दिवस मोजते १ जानेवारी १९७८ पासून, त्यामुळे त्या सालाची मोहर बसलेल्या फाइली सापडतात. तेव्हा तर हा संगणक जन्मालाही आला नव्हता. आणि तारीख खरी असली तरी ती कशाची, हेही बघावं लागतं. ‘फ्यूचर क्रू’चा ‘सेकंड रिअॅलिटी’ हा पीसीवरचा सगळ्यात गाजलेला डेमो १९९३ च्या उन्हाळ्यात ‘असेंब्ली’त जिंकला, पण लोकांच्या हाती पडला तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. तालमीची तारीख वेगळी आणि छापील संहितेची वेगळी, तसंच. आम्ही प्रत्येक डेमोला दोन तारखांची जागा ठेवली आहे, दाखवल्याची आणि वाटल्याची.

खरी साधनं डेमोंच्या आतच आहेत. पडद्याखालून सरकणाऱ्या मजकुरात ही पोरं मनातलं सगळं लिहायची : परीक्षा कधी आहे, आई ओरडते आहे, अमक्या गटाला नमस्कार. या ‘ग्रीटिंग्ज’ म्हणजे नमस्कारांच्या याद्या हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं साधन. कोण कोणाला ओळखत होतं, याचा नकाशा त्यातून उभा राहतो. त्याशिवाय फ्लॉपीवर निघणारी मासिकं होती, मेळाव्यांचे निकाल होते, आणि टपाल होतं. इंटरनेट घरोघरी यायच्या आधी फ्लॉप्या पाकिटातून देशोदेशी जायच्या. प्रत्येक गटात त्यासाठी एक माणूस असायचा, त्याला ‘स्वॅपर’ म्हणत. पैसे नसायचे, म्हणून तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचा, मिळालेल्याने शिक्का ओल्या बोटाने पुसायचा आणि तिकीट परत धाडायचं. अशा गोंदाळलेल्या तिकिटाचं एक पाकीट आम्ही पूर्ण पान भरून छापलं आहे.

गेल्या वर्षी एक गृहस्थ बुटांच्या खोक्यात त्रेचाळीस फ्लॉप्या घेऊन आमच्याकडे आले. वीसेक वर्षं तळघरात होत्या. पहिल्याच फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली तर आतल्या चकतीवर पांढरी बुरशी, ठिपके-ठिपके. अशी फ्लॉपी तशीच घातली तर यंत्राचं डोकं खरवडतं आणि पुढचीही जाते. आम्ही चकती हाताने फिरवत, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसत गेलो, प्रत्येक फ्लॉपीनंतर यंत्राचं डोकंही पुसलं. वाचायचं ते फाइली म्हणून वाचलं नाही. चकतीवरचे चुंबकीय चढउतार जसेच्या तसे टिपून घ्यायचे आणि अर्थ मागाहून लावायचा. एका दिवसात बारा झाल्या. सहा कायमच्या गेल्या. तेराव्या फ्लॉपीवर एका छोट्या डेमोच्या नमस्कारांत अशा एका गटाचं नाव आलं, ज्याची स्थापना आमच्या मजकुरात १९९० लिहिली होती, खुद्द त्या गटातल्या दोघांच्या सांगण्यावरून. आणि सरकत्या मजकुरात लिहिलं होतं की ८८ च्या नाताळातल्या मेळाव्याला भेटू. दोघांना फोन केला. एक बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, हो, बरोबर, तेव्हा आजी होती. साल बदललं.

मजकुराच्या फाइलींची वेगळी गंमत, आणि ती मला पुण्यातच भेटली होती. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल युनिकोडमध्ये उघडली की कशी खिचडी दिसते, ते तुम्ही पाहिलं असेल. पीसीवरच्या गटांनी चौकटीच्या रेघा आणि ठोकळे वापरून काढलेली अक्षरचित्रं आज उघडली की अशीच फुटतात, कारण ती त्या काळच्या यंत्राच्या अक्षरतक्त्यात लिहिलेली. मूळ तक्ता लावला, समान रुंदीचा टाइप घेतला की चित्र परत उभं राहतं. ओळ ऐंशी अक्षरांची असते, ती साडेतेरा सेंटिमीटरमध्ये आठ पॉइंटात नेमकी बसली. त्या दिवशी मी खुर्चीतून उठून नाचले.

आधीच्या पुस्तकांचाही आधार आहेच. हंगेरीच्या तामाश पोल्गार यांचा ‘फ्रीक्स’ हा इतिहास २००५ साली छापून आला. कमोडोर ६४ आणि अमिगाच्या काळासाठी तो आम्ही पदोपदी उघडतो, आणि जिथे आमचं साल त्यांच्याशी जुळत नाही तिथे टिपेत कारण देतो. तुमच्या प्रबंधात तुम्हीही हेच कराल.

*

«डेमोसीनला युनेस्कोचा दर्जा मिळाला असं वाचलं. खरं का?»
— ठाणे

थोडा फरक आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या कराराखाली प्रत्येक देश आपली राष्ट्रीय यादी करतो. फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीन आपल्या यादीत घेतलं, जर्मनी आणि पोलंडने २०२१ मध्ये, नंतर नेदरलँड्सने. युनेस्कोच्या जागतिक यादीत ते अजून नाही. आम्हाला याचा उपयोग असा झाला की सरकारी कचेरीत डेमोसीन म्हणजे काय, हे पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

*

«ताई, मी इंजिनिअरिंगला आहे. आपल्याकडे असं काही का झालं नाही? आणि आता सुरू करायला उशीर झालाय का?»
— नाशिक

ऐंशीच्या दशकात यंत्रं आपल्याकडे अगदीच नव्हती असं नाही. ब्रिटनचा स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने भारतात विकला जायचा, आणि १९८४ पासून सरकारच्या ‘क्लास’ योजनेत काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. माझ्या मते प्रश्न होता रात्रीचा. डेमो होतो तो यंत्र स्वतःच्या खोलीत, रात्रभर, कोणी उठवायला न येता मिळालं तर. शाळेतल्या संगणकावर दर आठवड्याला एक तास, तोही तिघांत मिळून आणि चपला बाहेर काढून, अशा वेळात तो होत नाही. शिवाय नमस्कार करायला शेजारच्या गावात दुसरं कोणी लागतं.

उशीर अजिबात झालेला नाही. आता यंत्र तुझ्याकडे आहे. २५६ बाइटपासून सुरुवात कर. आकार लहान असला की एकट्याला पुरं करता येतं. एकच परिणाम घे, हलणारा बोगदा किंवा लहरणारे रंग, आणि तो कसा होतो हे पूर्ण समजेपर्यंत सोडू नकोस. ‘रिव्हिजन’ मेळावा दर ईस्टरला भरतो. कोलोनचा ‘इव्होक’ माझ्या घरापासून ट्रामच्या अंतरावर आहे. कधी आलास तर जेवायला ये.

*

«माझ्या यजमानांकडे डीबी स्पेक्ट्रम होता. ते रात्री त्यावर काहीतरी बनवत बसायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. संगणक बंद पडला, पण कपाटात अकरा कॅसेट आहेत. त्यावर नुसता कर्कश आवाज येतो. मुलगा म्हणतो, टाकून दे.»
— इचलकरंजी

काकू, टाकू नका. तो कर्कश आवाजच त्यांचा प्रोग्रॅम आहे. स्पेक्ट्रम आपलं सगळं काम आवाजाच्या रूपात कॅसेटवर ठेवायचा.

कॅसेट वारंवार वाजवू नका, प्रत्येक वेळी थोडी झिजते. फीत आत चिकटलेली किंवा पांढरट दिसली तर अजिबात लावू नका, तशीच ठेवा. बरी असेल तर चांगला, डोकं पुसलेला टेपरेकॉर्डर घ्या आणि हेडफोनच्या भोकातून तार थेट मुलाच्या संगणकाला जोडायला सांगा. समोर मोबाइल धरून रेकॉर्ड केलेलं उपयोगाचं नाही. डॉल्बी आणि आवाज स्वच्छ करणाऱ्या सगळ्या सोयी बंद. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, एमपी३ करू नका, त्यात नेमके आपल्याला हवे ते बारकावे कापले जातात. दोन्ही बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्या, मधे शांतता आली तरी थांबवू नका. लोक एका कॅसेटवर अंतर सोडून चार-चार प्रोग्रॅम ठेवायचे.

फाइली संपादकांकडे पाठवल्यात तर त्या माझ्यापर्यंत येतील. आमच्यातले दोघे स्पेक्ट्रमवरच वाढले आहेत, ते बघायला उत्सुक आहेत. काय निघेल ते आधी तुम्हाला कळवीन, मग बाकी कोणाला. आणि कॅसेटच्या डबीतली कागदी पट्टी बाहेर काढून तिचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. त्यावर त्यांनी काउंटरचे आकडे लिहून ठेवले असतील, कुठला प्रोग्रॅम कुठे सुरू होतो त्याचे.